परातीबाहेरचा फासा

माझी पितळी परात लग्नातली आहे. काठ जाड आहे आणि काठाला एका जागी पोचा आहे. चाळीस वर्षं तिच्यात दोन्ही वेळची कणीक मळली. आता घरात मी आणि माझी नात, दोघीच. चार पोळ्यांची कणीक ताटलीतही होते, म्हणून परात माळ्यावर गेली होती. तीन वर्षांपूर्वी ती खाली काढली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध असते आणि पाच शिकलेली माणसं तिच्यात फासे टाकतात.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा नवरा कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात नोकरीला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून बदलीवर नागपूरला आहेत. नात नोएडाला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मात्र चांगलं आहे, आणि त्या अक्षरामुळेच मी या सगळ्यात ओढली गेले.

तीन वर्षांपूर्वी नातीची आधीची नोकरी गेली आणि त्याच महिन्यात ठरलेलं लग्न मोडलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट पुढे ठेवलं तर जेवायची, नसतं ठेवलं तर जेवली नसती. बोलणं बंदच. मला समजूत घालता येत नाही. मी फक्त भाजी निवडायला तिच्या खोलीत जाऊन बसायची. असे दोन महिने गेले. मग तिची शाळेतली मैत्रीण, जी आता नोएडात मुलांना गणित शिकवते, तिने फोनवर सांगितलं की तू येत नसशील तर आम्ही तुझ्याकडे येतो. रविवारी ती खरंच आली, बरोबर तिघांना घेऊन. त्यात एक दाढीवाला होता. तो एका कारखान्यात मशिनचे भाग मोजून कोणता चालेल आणि कोणता फेकायचा ते ठरवतो. आणि एक नवराबायको होते, दोघंही बातम्यांच्या चॅनेलमध्ये. तेव्हा लग्न नवं होतं, टेबलाखाली एकमेकांचा हात धरून बसायचे.

त्यांनी कागद, पेन्सिली आणि फासे काढले. फासे पाहून मला आधी जुगारच वाटला. मग पाहिलं तर कोणी काही लावत नाही, कोणी जिंकत नाही, पटही नाही. गणितवाली गोष्ट सांगते. बाकीच्यांनी प्रत्येकी एकेक माणूस घेतलेला असतो. गोष्टीत काही झालं की ती विचारते, आता तुमचा माणूस काय करणार? ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. फाशाला वीस तोंडं. वीस आले तर सगळं जमलं, एक आला तर सगळं फसलं. बस, एवढंच.

गणितवालीने एक नदी सांगितली. नदीच्या पलीकडे जाणं लोकांनी सोडून दिलेलं आहे, आणि यांना सगळ्यांना पलीकडे जायचं आहे. मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर मटार सोलत होते. तिने सांगितलं, पाणी तांबडं आहे आणि वास येतोय. आणि मी चक्क फरशीकडे पाहिलं. मी अशी माणूस नाही. देवळातल्या कीर्तनातही माझं लक्ष चपलांकडे असतं. पण त्या पोरीच्या नुसत्या बोलण्याने माझ्या घरात पाणी आलं.

नातीला त्यांनी विचारलं, तुझा माणूस कोण? दोन महिने न बोललेली मुलगी. ती म्हणाली, नावाडीण. एक कान फाटलेली. कोणालाही पार नेते, नाही म्हणत नाही. मग दाढीवाल्याचा माणूस तिच्या नावेत बसायला आला, आणि माझी नात घसा खाकरून खणखणीत हिंदीत म्हणाली, "बैठो, पर पहले जूते उतारो. नाव मेरी है."

हातातली शेंग तशीच राहिली माझ्या.

त्यानंतर आठवडाभर नात पुन्हा गप्प. रविवारी मात्र नावाडीण बोलायची. हळूहळू शनिवारीही थोडं बोलणं सुरू झालं, मग शुक्रवारी. सहा महिन्यांनी तिने नवी नोकरी धरली. डॉक्टर आणि औषधंही होती, नाही असं नाही. पण मी घरात होते. नातीला उठवून कोणी बसवलं ते मी पाहिलंय. त्या नावाडणीचं या घरात काय स्थान होतं ते पुढचं कळण्यासाठी माहीत हवं, म्हणून एवढं लिहिलं.

आता भांडणांचं सांगते. कारण जिथे पाच माणसं आणि नियम, तिथे भांडण आलंच.

पहिलं भांडण पहिल्याच महिन्यात झालं. दाढीवाल्याने टाकलेला फासा टेबलावरून उडून सोफ्याखाली गेला. त्याने वाकून उचलला आणि म्हणाला, अठरा होते. नात म्हणाली, आम्हाला कोणाला दिसले नाहीत. तो म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलतो? ती म्हणाली, मी तसं म्हटलं नाही, मला दिसलं नाही एवढंच म्हटलं. तो कागद आवरून गेला आणि दोन रविवार आला नाही. मला वाटलं, संपलं. माझ्या अनुभवात अशी गोष्ट तिथेच संपते.

पण तिसऱ्या रविवारी तो आला. येताना चकल्यांचा डबा आणला. बसला, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायला घेतलं की फासा खाली पडला तर काय करायचं. मी माळ्यावरून परात काढली आणि टेबलावर आदळली. म्हटलं, यात टाका आणि घर डोक्यावर घेऊ नका. त्यांना ती फार आवडली. फासा पितळेवर पडतो तेव्हा मंदिरातल्यासारखा आवाज येतो.

तेव्हाच दाढीवाला मला म्हणाला, आजीजी, ठरलेलं सगळं तुम्हीच लिहून ठेवा, तुम्ही काही खेळत नाही. आजीला वर जी लावणारा तो एकटाच. मी दुधाच्या हिशेबाची कोरी उरलेली वही घेतली आणि मराठीत लिहायला बसले. आता माझी अडचण अशी की ही मंडळी एकाच वेळी तिघं बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. त्यातला नियम कोणता आणि बडबड कोणती, हे मला कळेना. मग मी दोन्ही लिहिलं. वर नियम, त्याच्याखाली "कारण" असं लिहून बडबड. म्हणजे असं:

परातीत पडेल तो फासा खरा. परातीबाहेर जाईल तो खोटा, पुन्हा टाकायचा.
कारण: बाहेर गेला की कोणीतरी हाताने उचलतो, आणि उचलताना फिरला की नाही ते कोणी सांगू शकत नाही. मग माणसावर संशय येतो. नातीने मागितलं.

माझ्या मते ही चूक होती. नियम एका ओळीचा असतो. पण पुढच्या भांडणाला मी वही वाचून दाखवली तेव्हा कारणही वाचलं, आणि गणितवाली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आजी, कारण कधी गाळू नका, आम्ही ते दर वेळी विसरतो. तेव्हापासून वही माझ्याकडे. नागरी अक्षरं त्यांना ओळखता येतात, पण माझं मराठी त्यांना भराभर वाचता येत नाही. नातीलासुद्धा नाही, दिल्लीत वाढलेली. म्हणून वाचायचं मीच. त्यांना मी सांगेन तेच वहीत असतं, असं झालं.

वहीपेक्षाही मला चकित केलं ते त्यांच्या दुसऱ्या एका रीतीने. त्याला ते "उलटा" म्हणतात. दोघांचं जुंपलं की गणितवाली टेबलावर पेन्सिल आपटते आणि म्हणते, चलो, उलटा. मग काय होतं, तर ज्याचं भांडण आहे त्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची. आपली नाही. समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत आपली बाजू बोलायची नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे थट्टा करताहेत. दाढीवाला तोंड वाकडं करून नातीची बाजू सांगायला लागला. ती म्हणाली, नाही, हे नव्हतं माझं म्हणणं. त्याने पुन्हा सांगितली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याला खरोखर विचार करावा लागला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि तो हळूहळू, शब्द शोधत बोलला. नात म्हणाली, हां, बिल्कुल, हेच. त्यावर तो म्हणाला, यार, मग तर तुझं बरोबर आहे. आणि चकली खाल्ली.

मी मोठ्या खटल्याच्या घरात वाढले, तशाच घरात दिली गेले. हट्ट पाहिला, रडणं पाहिलं, अन्न सोडणं पाहिलं, वडीलधाऱ्यांनी एकाला गप्प बसवणं तर रोजचं होतं. पण दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडाने, त्याला पटेल असं सांगायचं, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते करत होती कोण, तर चकल्यांचा चुरा कागदावर सांडणारी ही पोरं.

आमच्याकडे कसं झालं ते सांगते. माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंही दिल्लीत नोकरीला. सासऱ्यांनी ठरवून दिलं होतं, गणपती एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे. काही वर्षं नीट चाललं. मग एका वर्षी जावेची पाळी होती आणि नेमकं भाऊबंदांत सुतक आलं, म्हणून गणपती कोणाकडेच बसला नाही. पुढच्या वर्षी वाद. माझा नवरा म्हणे, एक वर्ष त्यांचं, एक आमचं, ते वर्ष त्यांचं होतं, गेलं, आता आमचं. दीर म्हणे, आमची पाळी हुकली, ती आधी द्या. दोघं आपापलं म्हणणं शंभर वेळा बोलले. दुसऱ्याचं एकदाही नाही. त्या वर्षी दोन गणपती बसले, आणि मग दर वर्षी दोन. दोन सख्खे भाऊ, मधे बसचा तासाभराचा रस्ता, आणि एकमेकांच्या घरची आरती शेवटपर्यंत कोणी घेतली नाही. नवरा गेला तेव्हा दीर आला, भिंतीपाशी उभा राहिला, पाणी न पिता गेला.

आता गेल्या हिवाळ्यातला रविवार.

ऊन बाल्कनीतून टेबलापर्यंत आलं होतं. गोष्टीत नदीला पूर होता. तीन वर्षं ही मंडळी त्या नदीच्या काठाकाठाने फिरत होती आणि आता एकदाची पार जात होती. दोर तुटला होता. नावाडणीने बाकी तिघांना एकेक करून पलीकडच्या खडकावर चढवलं होतं आणि नावेत ती एकटी उरली होती. गणितवालीने सांगितलं, उडी मारावी लागेल, पाच किंवा वर आले तर खडक हाताला लागेल. चार किंवा खाली आले तर गेली. आणि वहीत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, गेला तो गेला, परत आणायचा नाही. हाही सगळ्यांनी मिळून केलेला नियम.

विसातले सोळा आकडे तिच्या बाजूचे होते. कोणी फार घाबरलं नव्हतं. नातीने फासा मुठीत हलवला आणि टाकला.

फासा परातीच्या पोच्यावर आदळला, उडाला, काठाबाहेर गेला, चकल्यांच्या डब्याच्या झाकणावर आपटला आणि उलट उडून परत परातीत पडला. गोल गोल फिरला. थांबला. एक.

पितळेचा आवाज बराच वेळ राहिला.

मग नात म्हणाली, बाहेर गेला होता, पुन्हा टाकते. दाढीवाला म्हणाला, आत आहे, तुझ्या डोळ्यांसमोर आहे. ती म्हणाली, काठ ओलांडला ते सगळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, आणि परत आलेला पण सगळ्यांनी पाहिला. तो काही तिच्या वाईटावर नव्हता. त्याचं कामच ते, एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. आवाज चढले. चॅनेलवाल्या नवऱ्याने बायकोचा हात धरला. गणितवालीने पेन्सिल आपटली, पण हळू. उलटा.

दाढीवाल्याने नातीची बाजू सांगितली. बाहेर म्हणजे बाहेर. किती वेळ बाहेर होता आणि मग कुठे गेला याला अर्थ नाही. ठरलेला शब्द तोच आहे. नात म्हणाली, हो, हेच.

मग नातीची पाळी. ती म्हणाली, तुझं म्हणणं असं की फासा शेवटी आतच आहे. तो म्हणाला, अजून आहे. ती म्हणाली, तुझं म्हणणं असं की कोणी त्याला शिवलं नाही, तो आपला आपण आला, सगळ्यांना दिसत होता, म्हणून... आणि ती थांबली. दाढीवाला म्हणाला, हो, एवढंच. पण ती फाशाकडे बघत राहिली.

गणितवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, आजी, वही.

मी चष्मा लावला. पान मला पाठच होतं. वाचलं, "परातीत पडेल तो फासा खरा. परातीबाहेर जाईल तो खोटा, पुन्हा टाकायचा." आणि वही मिटली.

कारण मी वाचलं नाही. विसरले नाही, डोळेही गेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या नातीची पाठ मला दिसली, आणि मी ती ओळ गाळली. गणितवालीनेही विचारलं नाही. एरवी ती हमखास विचारते. ती आपल्या कागदावर उगीच रेघा ओढत होती. दाढीवाल्याने खांदे उडवले आणि म्हणाला, ठीक है, नियम है तो है. बायकोने सुस्कारा सोडला. सगळ्यांना हेच हवं होतं. माझ्या घरातल्या पाचही जणांना, आणि मला.

नातीने फासा उचलला. मुठीत घेतला, हलवला. हात परातीवर धरला. टाकला नाही.

"आजी, याच्याखाली कारण असेल ना?"

मी म्हटलं, "असेल."

"वाच ना."

"टाक तू. नियम वाचला मी."

"आजी, वाच."

माझी अशी पंचाईत आयुष्यात झाली नव्हती. ज्या ओळीने तिची नावाडीण बुडणार, ती ओळ ती स्वतः मागत होती. तिला माहीत होतं तिथे काय आहे. दाढीवाल्याची बाजू सांगताना तिला आठवलं होतं, म्हणूनच ती अडली होती. आम्हा सगळ्यांना चालणार होतं, तिला चाललं नाही.

मी वही उघडली आणि वाचलं. हाताने उचलतो. फिरला की नाही सांगू शकत नाही. माणसावर संशय येतो. नातीने मागितलं.

आणि मग जे झालं त्याने मी हात जोडायचीच बाकी राहिले. दाढीवाला, जो इतका वेळ एक आला म्हणून भांडत होता, तोच उलटला. म्हणाला, कारण म्हणजे नियम नव्हे, ठरलं ते वरच्या ओळीत ठरलं, पुन्हा टाक. बायको म्हणाली, टाक. तिचा नवरा म्हणाला, टाक यार, तीन साल हो गए. गणितवाली म्हणाली, मला दोन्ही चालेल, तू म्हणशील ते. चौघं तिला वाचवायला बसले होते आणि ती एकटी त्या नावाडणीच्या विरुद्ध.

ती दाढीवाल्याला म्हणाली, "हा नियम मी तुझ्यामुळे मागितला होता. मला तुझ्या हाताचा भरवसा नव्हता. आज कोणाचाच हात नाही लागला."

तिने मूठ उघडली. फासा बोटांनी धरून एक वर येईल असा फिरवला आणि परातीत ठेवला. ठेवला, टाकला नाही. आवाज झाला नाही.

गणितवालीने गोष्ट पुढे सांगितली. नावाडीण उडी मारते, बोटं खडकाला लागतात आणि सुटतात. पाणी तिला घेऊन जातं. नाव रिकामी फिरत राहते. मी स्टुलावर बसून ऐकत होते. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, ती कुठे नव्हतीच, आणि तरी माझ्या जेवणाच्या खोलीतून कोणीतरी गेलं होतं. दाढीवाल्याने चष्मा काढून पुसला. मग तो म्हणाला, माझा माणूस खडकावर बूट काढून ठेवतो. आणि नातीला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. ते दोन्ही मिनिटभर चाललं. मग तिने चहा मागितला.

चहा ठेवायला मी आत गेले. ती मागे आली.

"तू ओळ गाळलीस."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तू माझी नात आहेस."

"अगं, पण मग तुझ्याकडे वही देऊन उपयोग काय? आम्हाला तर वाचताही येत नाही ती."

मी आलं किसत राहिले. तिला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. ही माझी पहिली वेळ नव्हती. सासऱ्यांनी गणपतीची वाटणी केली तेव्हा मी त्यांना औषध द्यायला उभी होते. ते म्हणाले होते, दोन्ही सुनांच्या हातचा नैवेद्य त्याला सारखाच मिळाला पाहिजे, एकीचा मान वर आणि एकीचा खाली असं नको, म्हणून आलटूनपालटून. तिथे दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे जावेची पाळी हुकली तर ती तिला परत मिळायला हवी होती. मला हे पक्कं माहीत होतं. भाऊ भांडत होते तेव्हा मी आतल्या खोलीत मखराचे कागद कापत होते आणि एक शब्द बोलले नाही. मला गणपती हवा होता. तेवढ्यासाठी मी ती ओळ गिळली. दीर गेला, आणि दोन वर्षांपूर्वी जाऊही गेली. आता सांगायला कोणी नाही. तेव्हा मला "वाच" म्हणणारंही कोणी नव्हतं, पण ते काही कारण नव्हे.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि उभ्यानेच त्यांना सांगितलं की मी कारण मुद्दाम वाचलं नव्हतं, वही दुसऱ्या कोणाला द्या. मला वाटलं होतं, नको नको म्हणतील, आजी आहेत, जाऊ द्या. तसं झालं नाही. म्हाताऱ्या माणसाला सूट देतात तशी त्यांनी मला दिली नाही. गणितवालीने पेन्सिल घेतली, टेबलावर आपटली आणि म्हणाली, उलटा. आणि दाढीवाल्याने माझी बाजू मांडली. तो म्हणाला, आजीजींना वाटलं की नियम माणसांसाठी असतात, आणि समोर बसलेलं माणूस त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला विचारलं, बरोबर?

मी म्हटलं, बरोबर. एवढं चांगलं मला बोलता आलं नसतं.

आता माझी पाळी होती. माझ्या वयात पहिल्यांदा मी समोरच्याची बाजू माझ्या तोंडाने सांगितली. दोनदा चुकले, दोनदा नात म्हणाली, नाही आजी, हे नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, "तुम्हाला वाटतं की आपलं नुकसान किती करून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. वाचणारीने नाही."

नात म्हणाली, "हो. हेच."

वही माझ्याकडेच ठेवली त्यांनी. पण त्याच दिवशी दोन नवे नियम झाले, आणि लिहायचे कोणी, तर मीच. पहिला असा की फासा बाहेर जाऊन कोणाचा हात न लागता परत आत आला तर तो खरा. कारण: नावाडीण अशीच गेली. दुसऱ्या नियमापाशी माझं पेन थोडा वेळ थांबलं. पाचही जण वाट बघत होते. नातीने कोरा कागद पुढे ओढला होता आणि नव्या माणसासाठी वर रेघ आखत होती, पण तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं.

मग मी लिहिलं आणि लगेच मोठ्याने वाचून दाखवलं:

वाचणारीने पूर्ण वाचायचं.
कारण: आजीने एक ओळ गाळली. नातीने मागितली.